आई जिना चढली

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो तक्रारी घ्यायला बसायचा. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची पाटी. दिवा लागला की म्हणायचं, "नमस्कार, तक्रार विभाग. कितव्या मजल्यावर अडकलात?" पलीकडच्याने आरडाओरडा केला की म्हणायचं, "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस बहुतेक वेळा चहा पीत बसलेला असायचा, पण अडकलेल्याला ते सांगून काय उपयोग? कुणाचं काही जात नाही आणि पलीकडचा गप्प होतो, अशा खोट्याचा त्याला दरमहा पगार मिळत होता. ऑफिसात त्याला मजलेदादा म्हणत. स्वतः मजलेदादा राहायचा तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हा चौघांनी खुर्चीत घालून तिला वर आणलं. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. लोकांचे उपाशीपोटीचे नमुने गोळा करायला ती उजाडायच्या आत घराबाहेर पडायची. दोघांचे पगार घराच्या हप्त्यांनी आधीच वाटून घेतलेले. दिवसभर आईजवळ बसायला एक मावशी ठेवली, पण मावशीचा पगार कुठल्या खिशातून काढायचा हे ठरायचं राहिलं.

शेजारच्या टेबलावर सुट्या भागांची बिलं करणारा एकजण होता. त्याला सगळे गुरुजी म्हणत, कारण तो फुकट काही सांगत नसे.

"अफिलिएट मार्केटिंग," गुरुजी म्हणाला. "घरातली एखादी वस्तू घे, तिच्याबद्दल आपल्या अनुभवाचं चार ओळींचं पान लिही, खाली दुकानाची लिंक टाक. त्या लिंकवरून कुणी ती वस्तू घेतली की दुकान तुला कमिशन देतं. झालं."

"पण मला वेळ कुठाय?"

"वेळ नाही म्हणूनच! यात काही करायचं नाही, हेच तर करायचं असतं. तू इथे अडकलेल्यांना सोडवत बस, तिकडे पान कमवत बसेल."

गुरुजीने फी घेऊन शिकवलं. त्याची स्वतःची कमाई हे शिकवण्यातूनच होते, हा हिशेब मजलेदादाच्या उशिरा लक्षात आला. गरजेतला माणूस बेरीज आधी करतो, वजाबाकी मागाहून.

छत्री, टॉर्च, इस्त्री, लिंबू पिळायचं यंत्र अशी त्याची पानं झाली आणि लांबच्या नातेवाइकांसारखी कोपऱ्यात बसून राहिली. कुणी विचारेना. मग आईसाठी वॉकर आला. चार पायांचा, हलका, घडीचा. पहिल्या दिवशी बायकोने आणि मावशीने धरून आईला उभं केलं. दोरीवरच्या टॉवेलांसमोर आई वॉकर धरून उभी राहिली आणि बायको म्हणाली, "आई, आता धावू नका हं." आई हसली. तेवढ्यात त्याने फोटो काढला. लगेच आईचे पाय लटपटले, ती खाली बसली आणि म्हणाली, "आता उद्या."

उद्या ती "उद्या" म्हणाली. परवाही.

रविवारी त्याला तासभर मोकळा मिळाला. फिजिओ डॉक्टर म्हणाले होते की तीन आठवड्यांत आजी जिना चढतील. पान आत्ता लिहायचं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा उघडून पुढचं लिहायचं, म्हणजे डबल काम. होणारच आहे तर झालंच लिहून टाकू, असा विचार करून त्याने फोटोखाली लिहिलं, 'या वॉकरमुळे तीन आठवड्यांत आई जिना चढली.' खाली लिंक टाकली आणि भाजी आणायला गेला.

हे पान चाललं. कुणाकुणाच्या आया, सासवा, आत्या घराघरांत पडलेल्या होत्या, आणि ही हसणारी म्हातारी बघून त्यांची पोरं लिंक दाबत होती. कमिशन जमायला लागलं. मावशीचा पगार त्यात बरोब्बर बसला, उरलं काही नाही.

वॉकरवर टॉवेल वाळत होते.

"आई चालत नाहीत म्हणून मावशी," बायको एकदा चादर घडी करताना म्हणाली. "आणि मावशींचा पगार येतो आई चालतात म्हणून. अहो, असा धंदा तुम्हीच काढू जाणे."

"चालेल गं ती. मग खोटं राहणार नाही."

"मग मावशीही राहणार नाहीत. तोवर दोन्ही राहू देत."

पानाखाली लोक कमेंट लिहायचे. तो वाचत नसे. गुरुजीने सांगितलं होतं, वाचायला लागलास की ती नोकरी झाली. पण मावशीला वाचनाची आवड होती, दुपारी वेळही होता आणि हातात मोबाइल होता. एका संध्याकाळी तो घरी आला, तर आई उशीला टेकून त्याची वाटच बघत होती.

"ये. मी जिना चढले म्हणे. मला कळवायचंस तरी."

मावशी घाईघाईने पिशवी उचलून निघून गेली.

"आई, ते जाहिरातीचं असतं गं."

"जाहिरातीत माझा फोटो? केस तरी विंचरू द्यायचेस." आई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, ती रागावली की आवाज चढण्याऐवजी स्वच्छ व्हायचा. "आणि ही कोण बाई तुला तीनदा लिहून थकली, तिचं उत्तर कुठाय?"

एक बाई होती. तिच्या आईचाही खुबा मोडला होता आणि ती म्हातारी पलंगावरून पाय खाली टाकत नव्हती. बाईने लिहिलं होतं, 'वॉकर घेतला आहे. तुमच्या आई माझ्या आईशी दोन मिनिटं बोलतील का? माझं ऐकत नाही. घरचा नंबर देते, रविवारी मी असते.' पुढे नंबर. मावशीने तो कॅलेंडरवर उतरवूनही ठेवला होता.

"काय लिहू तिला?"

"यातून मावशीचा पगार निघतो ना?"

त्याने मान हलवली. पानात लिहिलेलं आपल्यालाच वाचून दाखवलं जाईल असं त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"मग रविवारी लाव फोन," आई म्हणाली. "लिहिलंयस तर निभवायला नको? चारचौघांत मुलाला खोटं पाडायला मी काय शेजारीण आहे?"

रविवारी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. त्या बाईने उचलला, चार वेळा आभार मानले आणि लांब वायर ओढत फोन आत नेला. मग खरखरीत आवाज आला.

"कोण ते?"

"नमस्कार." आईचा एक्स्चेंजमधला आवाज लागला, इस्त्री केलेला. "माझाही खुबा मोडला होता बरं का."

"होता? आता जुळला वाटतं."

"जुळला की. चालते."

"मुलीनं सांगितलं. जिनासुद्धा चढता म्हणे."

आईने मुलाकडे बघितलं. मुलाने छताकडे.

"चढते. चढताना बरा पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा. एवढं पाळलं की काही नाही." हे डॉक्टर तिला रोज सांगायचे, ती रोज भिंतीकडे तोंड करून ऐकायची.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पाय आपलाच आहे असं वाटत नाही पहिल्यांदा. उसना आणल्यासारखा वाटतो. वाटतं, याच्यावर भार टाकला आणि हा गेला तर आता उचलायलाही कुणी नाही." हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरातलं बायकोचं भांडी घासणं थांबलं.

"अगदी अस्संच," पलीकडची म्हातारी हळू म्हणाली. मग एकदम फणकारली, "आमच्याकडे तर फोनसुद्धा बाहेरच्या खोलीत. ही कामावर गेली की दिवसभर वाजतो मेला, मी पडून ऐकते. पण तुम्ही चढलात ना? मग मी काय मेलेय? जिना आमच्याही दारातच आहे. बघतेच मी पण."

"बघाच," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "ते टॉवेल काढा त्याच्यावरचे." वॉकर पुढ्यात आणला. ती उठली. पलंगापासून खिडकीपर्यंत गेली, खिडकीच्या गजाला हात लावला आणि परत आली. बायको रडायला लागली. मजलेदादाला वाटलं, चला, पान खरं व्हायला सुरुवात झाली.

सोमवारी सकाळी तो ऑफिसला निघायच्या बेतात असताना फिजिओ डॉक्टर आले. मावशीने दारातच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आईची पाठ थोपटली. आई ऐटीत म्हणाली, "आता जिना! वॉकर घट्ट धरून..."

"वॉकर घेऊन?" डॉक्टरांचा हात थांबला. "छे छे, आजी! वॉकर सपाट जमिनीसाठी. जिन्यासाठी कठडा आणि धरायला माणूस. पायरीवर वॉकर ठेवला की तो मागे कलंडतो आणि माणूस त्याच्यासकट खाली. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

आईचा चेहरा उतरला. डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "फोन लाव तिला."

त्याने लावला. वाजत राहिला. मुलगी कामावर गेलेली, म्हातारी आतल्या खोलीत, फोन बाहेरच्या. आई एकदम ओरडली, "ठेव! वाजतोय म्हणून उठेल ती."

त्याने ठेवला. पण नाही वाजला तरी ती उठणारच होती. बघतेच म्हणाली होती.

आधी ते पान काढलं पाहिजे, दुसरं काही सुचेना. मोबाइल काढला, पान उघडलं आणि पुसून टाकलं. मावशीच्या पगाराचा विचारही आला नाही, हे त्याच्या नावावर जमा. पण पान गेलं तशा त्याखालच्या कमेंट गेल्या, आणि त्या बाईला गाठायची तेवढी एकच वाट होती हे त्याला जिना उतरताना कळलं. तिचा मोबाइल नंबर नाही, पत्ता नाही. हाताशी फक्त घरचा नंबर उरला, तोही बाहेरच्या खोलीतला.

ऑफिसात दिव्यांच्या मधल्या फटीत त्याने आपलं वाक्य शोधून पाहिलं. पान खरंच पुसलं गेलं का, एवढंच बघायचं होतं. वाक्य सापडलं. एका जागी नाही, वीसेक ठिकाणी. तोच फोटो, तेच टॉवेल, खाली दुसऱ्यांच्या लिंका. एका पानावर आई कुणाची सासू होती, एका पानावर आत्या. एकीकडे ती दोनच आठवड्यांत जिना चढली होती. एकीकडे तर गच्चीपर्यंत जाऊन आली होती.

त्याने त्यांना लिहिलं. तत्परतेने उत्तरं आली, 'धन्यवाद, आपली तक्रार नोंदवली आहे.' या वाक्याची किंमत त्याच्याइतकी कुणाला माहीत असणार.

एक पान गुरुजीचं होतं. त्यात आई गुरुजीची आई होती.

"अरे, अभिनंदन!" गुरुजी बिलातून मान न उचलता म्हणाला. "कॉपी झाली म्हणजे चाललं. आणि आई ती आई, तुझी काय नि माझी काय."

"काढ ते. खोटं आहे. कुणीतरी जिन्यावरून पडेल."

"काढतो की. महिना संपू दे."

मजलेदादा उभा राहिला. पण दिवा लागला, तो बसला आणि सवयीने बोलला, "नमस्कार, तक्रार विभाग. कितव्या मजल्यावर अडकलात?"

"मी आहे," आई म्हणाली.

तिच्या आवाजामागे आणखी एक आवाज होता. ती स्वतःच्या मोबाइलवरून बोलत होती, आणि शेजारी मावशीच्या मोबाइलवर त्या म्हातारीच्या घरची घंटी वाजत होती, थांबून थांबून.

"आई, तूच म्हणालीस ना, वाजवू नको म्हणून?"

"म्हटलं, जिन्यावर जाण्यापेक्षा फोनपर्यंत आलेली बरी. सपाट आहे तेवढं. मगाशी वाजवला, तेव्हा कुणी उचलला नाही. म्हणून पुन्हा लावला. आता वाटतंय, घाईने येईल. आणि ठेवला तर वाटतंय, ती जिन्यावरच असली तर? तिथे ऐकून थांबेल तरी." आईचा आवाज अजिबात स्वच्छ नव्हता. "आमच्याकडे नियम होता, लगेच तोडायचं नाही. माणूस लांबच्या खोलीत असतं. पण कितीवेळ, ते कुणी सांगितलं नव्हतं. तू सांग रे. ठेवू, की वाजू देऊ?"

त्याने तोंड उघडलं. अडकलेल्या माणसाला सांगायचं एकच वाक्य त्याला पाठ होतं. ते जिभेवर आलंही, पण आईला ते खोटं सांगता येईना, कारण तिकडे जायला कुणी माणूस निघालेला नव्हता आणि हे दोघांनाही माहीत होतं.

पाटीवर दुसरा दिवा लागला, मग तिसरा. घंटी वाजत होती. आई वाट बघत होती.