शिंप्याच्या डोक्याची डावी बाजू

माझं बोलणं जरा मोठ्यानेच असतं, सांभाळून घ्या. मी केस कापतो, पण कात्रीसारखा गुपचूप नाही. घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी माझ्या शेपटाला जोडायची. तो हवा ओढतो, केस ताठ उभे राहून माझ्या तोंडात येतात आणि आतलं पातं त्यांना कापतं. तोंडाला जेवढ्या लांबीची वेगळी छोटी नळी लावाल, तेवढे केस डोक्यावर उरतात. कापलेले थेट क्लीनरच्या पिशवीत.

मला एका शिंप्याने विकत घेतलं, तेही रागाच्या भरात. पंचवीस वर्षं तो गल्लीतल्या एकाच न्हाव्याकडे जायचा. एके दिवशी न्हावी भर दुकानात म्हणाला, की तुमचे केस कापायला वेळ लागत नाही, शोधायला लागतो. सगळे हसले. शिंपी गळ्यातल्या फडक्यासकट उठला आणि घरी आला. फडकं त्याच्या बायकोने धुऊन परत पाठवलं. तो मात्र दोन महिने तिकडे फिरकला नाही. माथ्यावर फारसं काही नव्हतं, पण बाजूंचे केस कानांवर उतरले.

मी आलो त्याच आठवड्यात शिंप्याचा मेहुणा दुसरं यंत्र घेऊन हजर झाला. मेहुण्याला जगातलं सगळं कळतं. ते यंत्र मुठीत मावणारं, बॅटरीवर चालणारं. केस ओढून पोटातल्याच डबीत ठेवायचं. मला बघून मेहुणा म्हणाला, की ही सोंड कशाला आणलीत, मला विचारायचं तरी.

वाद वाढला तेव्हा शिंप्याच्या बायकोने तोडगा काढला. अर्धं डोकं याला, अर्धं त्याला. शिंप्याने कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि आरशात बघून डोक्याच्या मधोमध रेघ ओढली. माथा मोकळा असल्याने ती छान उठली.

डावी बाजू माझी. शिंप्याच्या बायकोने दीड इंची नळी लावून मला फिरवलं. खोटं कशाला सांगू, काम मी एकसारखं केलं. पण माझ्या आवाजात शिंपी काय ओरडतोय ते कुणालाच कळलं नाही. त्याचा कान माझ्या तोंडात गेला होता. क्लीनर बंद केल्यावर तो सुटला.

उजवीकडे मेहुणा. त्याचं यंत्र गुणगुणत चाले, नळीचं लोढणं नाही, कानामागेही अलगद जाई. फक्त लांबी राखायची सोय त्याला नव्हती. दाढी केल्यासारखं ते साफ करत गेलं. डबी चारदा भरली, आणि शेवटची दोन बोटं रुंद पट्टी राहिली असताना चार्जिंग संपलं.

शिंप्याने आरशासमोर मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली. मग म्हणाला, "डावीकडून मी बरा दिसतो. उजवीकडून तुरुंगातून सुटल्यासारखा."

बायको हसून हसून कॉटवर बसली. मेहुण्याला अचानक काम आठवलं.

शेवटी तीच जाऊन न्हाव्याला घेऊन आली. तो हसला नाही. डोक्याभोवती एक फेरी मारून त्याने मला उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, की डावी बाजू चांगली कापलीय. मग पेटी उघडता उघडता, मान खाली घालूनच म्हणाला, "त्या दिवशी माझं चुकलं. लोक हसायला लागले की जीभ सुटते माझी. तुमची शनिवारची वेळ अजून कुणाला दिली नाही मी."

शिंप्याने डोकं पुढे केलं. "मग आता तरी हस," तो म्हणाला. "कधीचा दाबून धरलायस."

न्हावी इतका हसला की कात्री खाली ठेवावी लागली.

उजवीशी जुळवायला त्याने माझी सुबक डावी बाजू पार उतरवली. मला वाईट वाटलं, पण विचारतो कोण.

जाताना त्याने मला मागून घेतलं. त्याची आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. केस कापले की बारीक तुकडे चादरीत पडून टोचत राहतात, म्हणून ती स्वतःच्या न्हावी मुलालाही डोक्याला हात लावू देत नसे. पहिल्या दिवशी माझ्या आवाजाला घाबरून तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. झाल्यावर मानेवरून हात फिरवला, उशी चाचपली आणि विचारलं, "खरंच कापलेस ना रे?"

तेव्हा दोन यंत्रं समोर ठेवून चांगलं कुठलं असं भांडू नका. आधी डोकं कुणाचं आणि ते टेकलंय कुठे, एवढं बघा.

आज म्हातारीचे केस कापायचा दिवस. न्हावी दुकानातला क्लीनर ओढत आणतोय. चाकांचा आवाज ऐकून तिने आपणच मान वळवून ठेवलीय.