सतराव्या होलचा आकडा

उपनगर चॅलेंज ही स्पर्धा सात वर्षं चालली आणि बंद पडली. प्रायोजक गेला, कुणी रडलं नाही. व्यावसायिक गोल्फची दुसरी फळी ती. आमचे फोटो पेपरात आलेच तर शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, तेही दुसऱ्याच्याच नावाखाली. आता आमच्या क्लबला पन्नास वर्षं होताहेत म्हणून स्मरणिका निघतेय, आणि चिटणीस श्यामसुंदर प्रधानांनी स्पर्धेचा इतिहास माझ्या गळ्यात मारला. "शेवटचा विजेता तूच ना, देवदत्त? दोन पानं खरड."

पहिली सहा वर्षं एका बैठकीत लिहून झाली. सातव्या वर्षाशी आलो की मी उठतो. पाणी पितो, गॅलरीत जातो, सोसायटीत कोण गाडी आडवी लावतंय ते बघतो, त्याच्यावर ओरडतो आणि परत येतो. तीन आठवडे हेच चाललं होतं. शेवटी माझी बायको क्षमा वैतागली. "खुर्चीला खिळे आहेत का रे? लिही, नाहीतर नाही म्हणून सांग त्यांना."

मग तिला सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो, पण आपला स्कोअर आपण लिहीत नाही. जोडीनं खेळणारे दोघं कार्डं बदलतात. त्या सातव्या वर्षी माझ्या बरोबर, माझ्याविरुद्ध, नंदू परब खेळत होता; त्याचे फटके मी लिहायचे, माझे त्यानं. शेवटी आपापलं कार्ड तपासून सही करायची. त्यात एखादा फटका जास्त लिहिला गेला असेल आणि तुम्ही सही केलीत, तर तो तुमच्याच डोक्यावर. मग तक्रार चालत नाही.

शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर नंदूचे तीन फटके झाले होते आणि चेंडू खळग्यातल्या झेंड्यापासून तीस फूट लांब होता. इथून दोन तरी लागणारच, असं धरून मी त्यानं मारायच्या आधीच पेन्सिलीनं पाच लिहून मोकळा झालो. नंदूनं चेंडू एका फटक्यात आत घातला. चार झाले. मी चडफडलो, माझा फटका मारला आणि पाच खोडायला विसरलो.

"इथपर्यंत चूक होती," मी क्षमाला म्हणालो. "पुढची चूक नव्हे."

पंचांच्या टेबलाशी नंदूनं कार्ड हातात घेतलं तेव्हा मला आठवलं. चार केले तर आमची बरोबरी, म्हणजे निकालासाठी जादा होल खेळावा लागणार. पाच राहिले तर मी एका फटक्यानं जिंकतो. मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधत बसलो. नाडी सुटलेली नव्हती.

क्षमा म्हणाली, "मला काय सांगतोस? नंदूकडे जा."

नंदू हल्ली मरोळला गोल्फच्या काठ्या दुरुस्त करतो. मुलुंडहून रिक्षा केली. आरेच्या रस्त्यावर दोनदा परत फिरव म्हणालो, दोनदा नको म्हणालो. रिक्षावाला कावला. "साहब, एक बार पक्का करो ना."

"काय रे चॅम्पियन, वाट चुकलास?" नंदू एका काठीच्या मुठीला टेप गुंडाळत होता. "बस ना."

बसलो नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्याचा हात थांबला नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"सही करायच्या आधी कार्ड बघतात ना? बघितला तो पाच. मग तुझ्याकडे बघितलं. तू नाडी बांधत होतास."

"मग बोलला का नाहीस? पंच समोर बसले होते!" मला त्याचाच राग आला. माझी लाज अशी त्याच्यावर निघाली.

"म्हटलं, लिहिलंय त्यानं, तोच सांगेल. पेन धरून थांबलो रे मी. तू बोलला नाहीस. मग डोकं सटकलं माझं. म्हटलं, तुका होयो ना? हवाय तर घे." त्यानं टेप दातानं तोडली. "पुढच्या वर्षी मैदानातच दाखवणार होतो तुला. पुढचं वर्षच आलं नाही."

"आता खेळू. तो जादा होल. मी प्रधानांशी बोलतो, या रविवारी..."

नंदूनं उजवा हात वर उचलला. हात खांद्याच्या रेषेत आला आणि अडकला. "ऑपरेशन झालंय. इथपर्यंतच जातो."

त्यानं पायानं एक स्टूल पुढे ढकललं. "सॉरी नको मला. इतिहासात काय लिहिलंयस ते दाखव."

काहीच लिहिलेलं नव्हतं. मी बसलो आणि तिथेच मोबाइलवर लिहिलं. सतराव्या होलवर नंदू परब याचे चार फटके होते. पाच मी लिहिले, आणि कळल्यावरही गप्प राहिलो. विजेत्याच्या नावाशी मात्र थांबलो.

"इथे काय लिहू?"

"बरोबरी लिही. आणि पुढचा होल खेळायचा राहून गेला, असं लिही."

तसं लिहून मोबाइल त्याच्या हातात दिला. तो एकेका ओळीखालून बोट फिरवत वाचत होता. वाचून होईपर्यंत मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. या वेळी खाली वाकलो नाही.