काचेच्या टाकीतली कझी

“सांगितलं तर अख्ख्या अलमाटीत कुणाला पटायचं नाही,” बेकेन म्हातारा म्हणाला आणि लेकीकडे न बघता चहाचा पेला हातात फिरवत राहिला.

प्रवासाहून परतलेली कुरालाय दारातच थिजली होती. खांद्यावरची पिशवी उतरवायचंही भान तिला नव्हतं. तिने जिवापाड जपलेले समुद्री मासे टाकीत पोटं वर करून तरंगत होते. जाड आळीसारख्या दिसणाऱ्या काळ्या समुद्रकाकडीचा पत्ता नव्हता. तळाशी एकच पिवळा मासा कल्ले हलवत पडला होता.

“बाबा, काकडी पंपात ओढली गेली का? तसं असेल तर तिच्या अंगातल्या विषाने सगळं पाणी विषारी झालंय, याला लगेच काढते. नसेल, तर अशा अर्धमेल्याला हलवलं तरी मरेल. खरं सांगा.”

खरं सांगितलं की पुढच्या खेपेला टाकीची राखण शेजारणीकडे जाणार, हे बेकेनला दिसत होतं. त्याने थाप ठोकली.

“पंप कसला. काल झारकेंटहून व्याही आले. बघतात तो खाऱ्या पाण्यात काळी, जाड, खरबरीत कझी पडलेली. म्हणाले, ‘वा व्याही, शहरात घोड्याचं मांस आतड्यात भरून केलेली कझी काचेत भिजत घालतात होय?’ मी हो-नाही म्हणेस्तोवर बाही सारली न् टाकली कढईत.”

कुरालायने पिशवी खाली टाकली. “शिजवली?”

“शिजवायला गेले. पण तुझी काकडी मानी निघाली. चटका बसताच आतडी व्याह्यांच्या दाढीवर फेकली, उडी मारली, खिडकीतून गेली ती गेली. मासे ते बघून धसक्यानेच मेले. तेव्हा पाण्याला काही झालेलं नाही.”

पिवळा मासा हळूच एका कुशीवर कलला. बेकेनची गोष्ट थांबेना.

“पुरावा हवा तर कढई बघ. घासून घासून हात दुखले, तेव्हा कुठे वास गेला.”

कुरालायने कढई पाहिली. शेजारी मोरीच्या कडेला निळा स्पंज वाळत पडला होता. तिने तो उचलला. मधोमध नळीएवढं गोल भोक होतं. जाताना पंपाच्या तोंडावर तिनेच तो बसवला होता.

“बाबा, कशाने घासलीत?”

तिने जाळी आणि ताज्या खाऱ्या पाण्याची बादली ओढली.

“व्याही-बिही कुणी आलं नव्हतं. तुम्ही पंपावरचा हा स्पंज काढून कढई घासलीत, आणि पंपाने काकडी चिरली.”