शेवटची ऐंशी पानं

उचलून तर बघा मला, मित्रांनो! एका हाताचं काम नाही ते. अकराशे चाळीस पानं, कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद, आणि पाठीला दोन ठिकाणी चिकटपट्टी. मी एक जुनं पाठ्यपुस्तक आहे. अमेरिकेत अगदी सुरुवातीला जे जे लिहिलं गेलं, ते सगळं माझ्या पोटात आहे. जहाजावरच्या रोजनिश्या आहेत, धर्मगुरूंची प्रवचनं आहेत, गुलामीतून सुटलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या हकिगती आहेत, ती जमीन मुळात ज्यांची होती त्यांच्या कथा आहेत. आणि सगळ्यात शेवटी, ऐंशी पानांत, घरी पाठवलेली पत्रं. म्हटलं तर सगळी घर सुटलेल्या माणसांचीच गोष्ट. कुणी आपण होऊन निघालं, कुणाला ओढून नेलं, तर कुणाच्या घरात दुसरेच येऊन बसले.

छापखान्यातलं मला फारसं आठवत नाही. शिलाईचा दोरा पाठीतून गेला, तेवढं लक्षात आहे. मला विकत घेतलं ते एका तरुण प्राध्यापकांनी. नोकरीला लागून त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. त्यांच्या पत्नी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात होत्या; सगळे त्यांना बाई म्हणायचे. त्यांनी मला खाकी कव्हर घातलं आणि आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवला. सोळा आठवडे, आणि कोणत्या आठवड्यात काय शिकवायचं ते. दोनशे वर्षांचं साहित्य सोळा आठवड्यांत उरकायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पण सर त्या तक्त्याबरहुकूम चालायचे आणि बरोबर वेळेत पोचायचे.

सरांना ज्ञान अफाट, पण आवाज असा की गाड्यांचं वेळापत्रक वाचतायत असं वाटावं. म्हणून सोळाव्या आठवड्यात पत्रं वाचायला बाई यायच्या. आधी घरी तालीम व्हायची. पेन्सिलीने ओळींमध्ये बारीक उभ्या रेघा मारायच्या. रेघ आली की श्वास घ्यायचा. एका पत्राच्या बाजूला तर त्यांनी स्वतःलाच बजावलं होतं, 'इथे थांब. घाई करू नकोस.' त्या वाचायला लागल्या की मागच्या बाकावरची टिवल्याबावल्या करणारी मुलंसुद्धा गप्प व्हायची. नऊ वर्षं मी हे सुख भोगलं. तेव्हा मला वाटायचं, आपल्यासारखं पुस्तक जगात नाही.

दहाव्या वर्षी, पंधरावा आठवडा चालू असताना, बाई गेल्या. दोन महिन्यांचं आजारपण झालं होतं. सरांनी माझ्या शेवटच्या ऐंशी पानांना एक रबर बँड लावला आणि त्यानंतर ती कधी उघडली नाहीत.

मग एक गंमतच सुरू झाली. निदान मुलांना ती गंमत वाटायची. सर प्रवचनांत रेंगाळू लागले. पहिल्या जहाजाच्या वर्णनाला तीन तास, एका वादळाला दोन. घंटा झाली की म्हणायचे, "उरलेलं पुढच्या तासाला." आणि तो पुढचा तास काही यायचा नाही. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं 'नांगर'. "नांगरांचं जहाज यंदाही बंदरातच!" असं म्हणून खिदळायची. अभ्यास कमी झाला म्हणून खूश असायची मेली. माझी पुढची पानं बोटं लागून लागून काळी पडली, कोपरे गेले, एकदा तर कुणीतरी माझ्यावर चहा सांडला. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला झुरायला लावलं ते त्या स्वच्छ ऐंशी पानांनी. दर सत्राला मी आशा धरायचं आणि दर सत्राला कपाटात परत जायचं. अशी एकवीस वर्षं गेली.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी पहिल्या बाकावर एक पन्नाशीच्या बाई येऊन बसल्या. पहाटे बेकरीत भट्टी सांभाळायच्या आणि दुपारी वर्गात यायच्या. कोपराला पीठ लागलेलं असायचं. वर्गाने त्यांना लगेच मावशी करून टाकलं. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "तुम्ही हा विषय कसा काय घेतलात?"

"माझी लेक कामासाठी समुद्रापलीकडे गेलीय, सर. दर रविवारी फोन करते. 'मी ठीक आहे' म्हणते आणि ठेवून देते. तुमच्या यादीत शेवटी घरी पाठवलेली पत्रं दिसली. लांब गेलेली लेकरं घरी काय सांगतात आणि काय गिळून टाकतात, ते मला कळायला हवंय."

"पाहू," सर म्हणाले. सरांच्या 'पाहू'चा अर्थ मला ठाऊक होता.

मावशींनी वर्गात जान आणली. एका प्रवचनानंतर म्हणाल्या, "हा बाबा एवढा ओरडतो, म्हणजे याचं घरी कुणी ऐकत नसणार." वर्ग हसला, सरही हसले. पंधरावा आठवडा उजाडला. सरांनी मला उघडलं आणि माझी पानं भराभरा उलटी फिरवत ते थेट पहिल्या जहाजावर जाऊन पोचले.

मावशी उभ्या राहिल्या. "सर, हे जहाज आपण तिसऱ्यांदा बघतोय."

"परीक्षेला एवढंच असतं."

"परीक्षेचं मला काय लोणचं घालायचंय? तीनला उठते मी, सर. डोळ्यावर झोप असते तरी येते. दर रविवारी पोरीचा आवाज बारीक होत चाललाय. मला त्या पत्रांपर्यंत न्या हो."

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. सर खुर्चीवर बसून राहिले. मग त्यांनी रबर बँडला हात लावला, तर तो कधीचा वाळून गेलेला. तटकन तुटला. माझ्या कडेला त्याचा तपकिरी वळ उमटला होता. सरांनी पत्रं उघडली. पेन्सिलीच्या रेघांवरून बोट फिरवलं. मोठ्याने दोन ओळी वाचून पाहिल्या आणि थांबले. "नाही गं जमत मला," म्हणाले. वर्गात दुसरं कुणीच नव्हतं.

शेवटच्या तासाला त्यांनी मला मावशींसमोर ठेवलं. "तुम्ही वाचा. रेघ आली की श्वास घ्यायचा."

मावशी वाचू लागल्या. 'आई, मी ठीक आहे. घर चांगलं आहे. खिडकीला काच नाही, तेल लावलेला कागद आहे, पण उजेड येतो. शेजारीण बोलत नाही, पण गाय ओळखते. तू काळजी करू नकोस.' पुढे बाजूला बाईंचं अक्षर होतं. इथे थांब. घाई करू नकोस. मावशी थांबल्या. वर्गही थांबला. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. वळून न बघताच म्हणाले, "बरोब्बर. ती एवढंच थांबायची."

घंटा झाली तेव्हा चार पत्रं उरली होती. "उरलेलं पुढच्या तासाला," सर सवयीने बोलून गेले. आता पुढचा तासच नाही, हे मग त्यांच्या ध्यानात आलं. या वेळी कुणीही हसलं नाही. त्यांनी मला उचलून मावशींच्या हातात दिलं. "घरी न्या. संपवा. माझ्याकडे राहिलं तर परत बंद होईल."

तेव्हापासून मी मावशींच्या घरी फोनशेजारच्या फळीवर असतं. माझ्या पानांत आता पीठ आहे आणि उरलेल्या पत्रांवर मावशींच्या अंगठ्याचे ठसे आहेत. मित्रांनो, पुस्तकांना कव्हर घाला, पानं दुमडू नका, चहाचा कप जरा लांब ठेवा. पण जपायचं म्हणून बांधून ठेवू नका हो. एकवीस वर्षं माझी ती ऐंशी पानं अगदी नीट होती, आणि एकवीस वर्षं ती कुणाच्या काही कामाला आली नाहीत.

परवाच्या रविवारी दुपारी फोन वाजला. "मी ठीक आहे गं आई," पलीकडून आलं. मावशींनी माझ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "खिडकीला काच आहे का गं?"

"काय गं, काहीतरीच विचारतेस!" लेक हसली. मग हसू थांबलं. मावशी थांबल्या. त्यांनी घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, "नाही गं आई."