इस्म, फेल आणि मामंजी

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन भाग होणार हे नक्की झालं आणि शहरातल्या जामबागेत राहणाऱ्या नामदेवरावांची झोप उडाली. महसुलाच्या माल कचेरीतली त्यांची उभी हयात उर्दूत मिसली, म्हणजे फायली, लिहिण्यात गेली होती. आता बदली कुठल्याही राज्यात होवो, इंग्रजी लागणारच, म्हणून खात्यानं परीक्षा लावली होती. मुलगा मुकुंदही उर्दू शाळेतलाच. घरात इंग्रजी येत होतं ते एकट्या लीलाला, नव्या सुनेला.

लीला सासऱ्यांशी आजवर "चहा ठेवलाय" यापलीकडं बोलली नव्हती. त्यामुळं नामदेवराव पाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसले, तेव्हा तिची भाकरी परातीतच राहिली.

"शिकव बाई," ते म्हणाले. "लाजू नक्को. मी पण लाजतोयच."

लीलानं हात पुसून पाटीवर लिहिलं : द पिजन सिट्स ऑन द वॉल. कबूतर भिंतीवर बसतं. पिजनखाली रेघ ओढून ती हळूच म्हणाली, "हे नाम."

"म्हणजे इस्म. उर्दूत आम्ही इस्म म्हणायचो."

"सिट्स हे क्रियापद."

"म्हणजे फेल."

"अहो मामंजी, परीक्षेच्या आधीच फेल काय म्हणता!" लीला बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण नामदेवराव इतके मोठ्यानं हसले की शेजारची तारामती खिडकीतून डोकावली.

तिथून दोघांची भीड चेपली. रोज संध्याकाळी पाटी निघायची. ऑनवर मात्र नामदेवराव अडून बसले. "आपलं 'वर' भिंतीच्या मागून येतं. हे आधीच येऊन बसलंय?"

"त्यांच्यात तशीच रीत आहे."

"टांगा पुढं न् घोडा मागं! हौ, चालू दे."

ते सगळं पाठ करू लागले. वॉल इस्म, वॉटर इस्म, रन फेल. लीलानं पाटी काढून घेतली. "शब्दाची जात पाठ करू नका. वाक्यात तो काय काम करतोय, ते विचारा."

परीक्षेच्या दिवशी नामदेवराव कोठीच्या बाजारातून जिलब्यांचा पुडा घेऊनच आले. वहाणा न काढता दारातूनच सांगू लागले, "लीला, वाक्य आलं, दे वॉटर द प्लँट्स विथ कोल्ड वॉटर. एकाच वाक्यात दोन वॉटर, आणि दोन्हींची जात ओळखायची! मला घाम फुटला. मग पहिल्याला विचारलं, बाबा रे, तुझं काम काय? तो म्हणाला, झाडांना पाणी घालतोय. म्हटलं, मग तू फेल! दुसरा नुसता बादलीत बसलाय, तो इस्म!"

लीलानं टाळ्याच वाजवल्या. सासूबाई पद्मावती बघतच राहिल्या.

नामदेवराव पास झाले. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कचेरीतले हिम्मतराव आणि उमाजी दारात उभे राहिले. दोघंही नापास, दोघांच्याही बगलेत पाटी. नामदेवरावांनी त्यांना सतरंजीवर बसवलं आणि घरातली एकुलती खुर्ची लीलापुढं आणून ठेवली.

लीलानं सासूबाईंकडं पाहिलं. एवढ्या वडीलधाऱ्या माणसांसमोर खुर्चीवर?

"बस गं," पद्मावती पदर खोचत म्हणाल्या. "चहा मी टाकते. पण जरा मोठ्यानं शिकव, मला आत ऐकू आलं पाहिजे."