कोरलेला बांध

"काकू, त्या कुत्र्याला सांगा, पाय पसरायला हा ओंडका काही त्याच्या बापाचा नाही," थोरला म्हणाला.

कुत्रं बिचारं पलीकडे धुळीत झोपलेलं. पाय पसरले होते धाकट्यानं, ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला, भावाकडे पाठ करून.

"कुत्र्याला म्हणावं, बाप एकच होता दोघांचा," धाकटा रस्त्याकडे बघत म्हणाला.

मधे बसलेल्या सुतारकाकूनं कपाळावर हात मारून घेतला. "मेल्यांनो, एका आईच्या पोटचे तुम्ही, आणि निरोप पोचवायला मी! उद्या मी मेले की काय कराल?"

"कुत्रं आहे की," थोरला म्हणाला. काकूला हसू आलं, पण ते तिनं पदरात दाबलं.

ओंडका होता गावाच्या तोंडाशी, रस्त्यावरच्या छोट्या पुलावर, मोरीवर आडवा टाकलेला. कारखान्यासाठी सगळं शिवार सरकार घेणार, असं कानावर आलं त्याच दिवशी गावानं ठरवलं होतं, मोजणीवाल्याला रानात पाऊल टाकू द्यायचं नाही. मोजलीच नाही तर जमीन नेणार कशी? झालं, पाळ्या लागल्या. सुरुवातीला काय तो जोर! अख्खं गाव मोरीवर लोटायचं, पोरींचे घसे ओरडून ओरडून बसायचे. आता ज्याची पाळी तो जांभई देत येतो आणि ऊन डोक्यावर आलं की सावली शोधतो. इकडे पहारा करावा तर तिकडे मक्यात तण गुडघ्याला लागलेलं. तण काढावं तर इकडे मोरी मोकळी. माणसानं करावं तरी काय? थोरल्याचं कंबरडं ओंडक्यावर बसून बसून धरलं होतं. त्याला आताशा वाटायचं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. मग स्वतःचीच लाज वाटायची.

दोघांची पाळी एकत्र यायची, कारण रस्त्याला लागून पहिली रानं ह्यांचीच. आणि बोलणं बंद होतं ते त्या दोन रानांमधल्या बांधापायी. बापाच्या वेळेला त्या बांधावरून भरलेली बैलगाडी जायची. वाटणी झाली आणि धाकटा दर नांगरटीला बांधातलं एक तास, नांगराची एक रेघ, जास्तीचं घेऊ लागला. एक ह्या साली, एक पुढच्या साली. आता त्या बांधावरून शेळीसुद्धा जीव मुठीत धरून जाते. थोरल्यानं मोजणीचा अर्ज केला, कचेरीत खेटे घालून चपला झिजवल्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथं तर धाकट्याच्या पोरी लग्न होऊन सासरी गेल्या. शेवटी त्यानं नाद सोडला. पण सल काही गेला नाही. हातभर जमिनीचं एवढं नव्हतं हो. चार माणसांत कुणीतरी म्हणावं, "थोरल्या, तुझं खरं होतं," एवढंच त्याला पाहिजे होतं.

धुरळा उडवत जीप आली. काकूनं हाक घातली, तशी रानातली माणसं खुरपी टाकून धावली. जीपमधून मोजणीदार उतरला. तरणा होता, घामानं भिजलेला. मागच्या सीटवर मोजणीचं यंत्र आणि त्याचं तीन पायांचं तिकाटणं.

"आल्या पावली परत जा," काकू म्हणाली.

"मावशी, चिडू नका. कारखान्याच्या कामाला आलोच नाही मी. ह्या रस्त्याकडेच्या रानाच्या मालकानं बांधाची मोजणी मागितली होती. ती करायला आलोय."

सगळ्यांच्या माना थोरल्याकडे वळल्या.

"तू बोलावलंस?" काकूनं विचारलं.

"केव्हाचा अर्ज तो काकू! त्यांना आजच बरी आठवण झाली."

"तक्रार तुमचीच ना काका?" मोजणीदार गोडीनं म्हणाला. "मग दुपारपर्यंत निकाल लावतो. कुणी कुणाचं किती खाल्लं, सगळ्यांसमोर सांगतो. हद्दीचे दगड पण रोवून देतो."

थोरला ओंडक्यावरून उठला. सगळ्यांसमोर! ह्यासाठीच तर चपला झिजवल्या होत्या. त्यानं तिरक्या नजरेनं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याचं तोंड उतरलं होतं आणि तो पायानं माती उकरत होता. भोग की लेका, थोरल्याच्या मनात आलं.

पण आयुष्य नांगरामागं गेलेला माणूस तो. पहिलं तास सरळ पडलं की बाकीची त्याच्या कडेनं आपोआप पडत जातात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याच्या बांधाला एक दगड लागला, की त्यावरून शेजाऱ्याचा, त्यावरून पलीकडच्याचा. बघता बघता सगळं शिवार मापात. बोट मागायला आलेत, मनगट धरून जातील. आणि बोट कुणाचं? त्याचं.

"काय ठरलं काका?"

"मोजायचं नाही," थोरला म्हणाला. "भांडण मिटलं आमचं."

"कधी मिटलं?"

"आत्ता."

मोजणीदार हसला. "असं नाही चालत. समोरचा काय म्हणतो?"

धाकटा उठला. काकूनं त्याला कोपर मारलं.

"मिटलं," तो म्हणाला. मग थोरल्याकडे न बघताच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "बांध मीच कोरला साहेब. दादाचं रान खाल्लं मी. मी कबूलच करतोय, मग मोजता कशाला?"

दादा! थोरल्यानं पटकन पाठ फिरवली. डोळे भरून आले होते आणि गावाला ते दाखवायचे नव्हते.

मोजणीदारानं रुमालानं मान पुसली. "आज जातो. उद्या पोलीस घेऊन येईन. मग अर्जही लागणार नाही." तो रागानं बोलला नाही, तोही दमलेलाच होता. जीप वळली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं आपापल्या तणाकडे गेली.

दुपारी धाकटा कुदळ घेऊन आपल्या रानाच्या कडेला माती ओढताना दिसला. थोरला तिथं जाऊन उभा राहिला.

"उद्या सगळंच जाणार असेल, तर बांध कशाला घालतोस?"

"जाईल तेव्हा जाईल. तोवर तुझं तुला."

थोरल्यानंही कुदळ आणली. दोघांनी थोडी माती ओढली. मग थोरला म्हणाला, "अजून वीतभर तिकडे सरक."

"एवढं नव्हतं हां, दादा!"

"नव्हतं कसं? गाडी जायची इथनं."

"गाडी जायची म्हणून काय अख्खं रान बांधात घालू?"

"खाताना बरं दिसलं नाही तुला!"

दोघांचे आवाज चढले. मोरीवरून काकू ओरडली, "अरे, लागलात का पुन्हा? भांडायचंय तर इथं ओंडक्यावर येऊन भांडा! जीप फिरून आली तर मी एकटी काय करू?"

दोघांनी कुदळी खांद्यावर टाकल्या. शेजारी शेजारी चालावं एवढा बांध अजून झाला नव्हता. धाकटा पुढं झाला, थोरला मागं, आणि वीतभर जमिनीवरून भांडत भांडत दोघं पहाऱ्याला निघाले.