गाडी जास्त कुठे चालणार?

चोवीस नट, पत्र्याच्या एका वाडग्यात.

वरच्या घराकडे जाणारा शेवटचा चढ: तीनशे पावलं, सुटी खडी, एक वळण.

दूरच्या देशात एक मोठा भाऊ आरशाला फोन टेकवून दात घासतोय.

शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत.

समुद्र. तळमजल्यावरून दिसत नाही, पण वास येतो म्हणतात.

छापील फॉर्म, प्रश्न तिसरा. उत्तराच्या रेघेवर पेनाचा एक ठिपका. ठिपका मोठा होत चाललाय.

"मी इथून हलणार नाही," असं बाबा गेली चार वर्षं म्हणतात. आत्ता ते खरंच हलू शकत नाहीत.

*

आता जरा सलग.

टायरच्या दुकानात एक उंच व्हॅन चार लोखंडी स्टँडवर उभी आहे, चाकांशिवाय. गाडी परदेशी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. दूरच्या देशातल्या दादाने दोन वर्षांपूर्वी ती जहाजाने पाठवली, बाबांना वरच्या घरातून दवाखान्यात नेता यावं म्हणून. आत मधोमध व्हीलचेअर चार पट्ट्यांनी जमिनीला जखडलेली, आणि तिच्यात बाबा. गाडी उचलण्याआधी त्यांनी उतरायला साफ नकार दिला होता.

"आजोबा, वर माणूस असताना गाडी उचलत नाही आम्ही. नियम आहे," दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या. साठीच्या, चष्मा कपाळावर, नखांत कायमचा काळा रंग.

"नियम तुमचा, पाय माझे. बेचाळीस किलोचा माणूस मी. तुमच्या लोखंडाला पत्ताही लागणार नाही."

बाईंनी कारागिरांकडे पाहिलं, कारागिरांनी छताकडे. मग त्यांनी जॅकसोबत चार जाड स्टँडही लावले.

गाडी चालवणारी ती बाबांची मुलगी. घरात तिला धाकटी म्हणतात. अडतिसावं लागलं तरी धाकटीच. खरं नाव बँकेपुरतं उरलंय. घरी बसून ती जमिनीचे नकाशे काढते. आता बंदराच्या शहरात समुद्राच्या तळाचे नकाशे काढायची नोकरी चालून आली होती, सोबत राहायला तळमजल्यावरचं घर. होकार शुक्रवारी पाचपर्यंत कळवायचा होता. आज गुरुवार. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांना नाही, दादाला तर नाहीच.

सांगायच्या ऐवजी तिने एक डाव रचला होता. जुने टायर झिजलेच होते. नवे घ्यायचे ते गुळगुळीत, पक्क्या रस्त्याचे. घरी जाताना शेवटच्या चढावर गाडी घसरेल. दोनदा, तीनदा. मग हँडब्रेक ओढून शांतपणे म्हणायचं, "बाबा, आता वर राहणं जमायचं नाही." भांडण गाडीनेच करायचं. तिने फक्त साक्षीला उभं राहायचं.

*

फॉर्म.

१. गाडीत माणसं किती? — दोन.

२. जादा वजन? — व्हीलचेअर, रॅम्प, ऑक्सिजनचं नळकांडं.

३. गाडी जास्त कुठे चालणार? — .

*

पण आधी दादाची चाकं. त्याने मोठ्या खोक्यातून चार चकचकीत, बिनटायरची चाकं पाठवली होती, तीच बसवायची म्हणून गाडी उचलली होती.

"दादा, बसत नाहीत," धाकटी फोनवर म्हणाली.

"बसतात! सहा भोकं चाकाला, सहा गाडीला. मी मोजून पाठवलीत." तोंडात फेस होता.

बाई पुढे वाकल्या. "भोकं जुळतात हो. पण आतला ब्रेक चाकाला घासतोय. बटण लागलं म्हणून सदरा अंगात शिरत नाही."

"मग घासून घ्या थोडं."

"काय? ब्रेक?"

दादाने चूळ भरली. "बरं. जुन्या चाकांवर खडीचे टायर चढव. मोठ्या खाचांचे. बाबांना घर सोडायची वेळ यायला नको. एवढंच बघ, धाकटे. बाकी मी आहेच."

फोन बंद झाला. तो 'आहेच' तिथे, आणि ती इथे.

जुनी चाकं परत लावून निघावं, पुन्हा कधीतरी येऊ, असं तिच्या मनात आलं. बाईंनी एक टायर पालथा करून आतली बाजू दाखवली. रबर फाटून तार बाहेर आली होती.

"हे मी परत चढवणार नाही. वाटेत फुटलं तर नाव माझ्या दुकानाचं. ताई, नवे टायर घेतल्याशिवाय ही गाडी आता जागची हलत नाही."

"पुढे रस्त्याचे आणि मागे खडीचे लावले तर?"

बाई हसल्या. "सगळे इथेच येतात शेवटी. ताई, चारही चाकं आतून एकमेकांना बांधलेली आहेत. एक जोडी नखभर जरी लहान निघाली, तरी ती जास्त फिरते, दुसरी कमी. आतल्या गिअरचे दात एकमेकांना ओढत बसतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस सगळं जाम. चारही सारखेच हवेत."

"मधले नाहीत का? दोन्हीकडे चालणारे?"

"आहेत. एक ना धड भाराभर चिंध्या. रस्त्यावर गुरगुरतात आणि खडीवर रुसतात. तुम्ही मला एकच सांगा, गाडी जास्त कुठे चालणार?"

"घर ते दवाखाना," वरून बाबांचा आवाज आला, "आणि दवाखाना ते घर. लिहून घ्या."

धाकटीने लिहिलं नाही. ती बाईंजवळ सरकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "रस्त्याचे द्या."

"या मापात रस्त्याचे गोदामात आहेत, पुलापलीकडे. आणायला पाऊण तास, चढवायला अर्धा."

"चालेल. थांबतो आम्ही."

बाईंनी गोदामाला फोन लावला.

घंटी वाजत होती, तेवढ्यात वरून: "धाकटे."

"काय बाबा?"

"मला जायचंय."

"कुठे?"

"असं काय विचारतेस? जिथे राजालाही पायीच जावं लागतं तिथे."

ती स्टुलावर चढून दारात उभी राहिली. बाबा समोर बघत होते, दोन्ही हात मांडीवर, शाळेत फोटो काढताना बसतात तसे. मागचा रॅम्प या उंचीवरून जमिनीला टेकत नव्हता.

"किती वेळ थांबू शकाल?"

"अर्धा तास. फार तर."

"घरून निघताना विचारलं होतं मी."

"तेव्हा नव्हती लागली."

"आमची दोन माणसं उचलून घेतील की," बाई खालून म्हणाल्या.

"मी काय टायर आहे?"

"बाटली आहे आपल्याकडे, बाबा. पडदा लावते."

"एवढ्या माणसांत? मला जिवंत ठेवायचंय ना तुला? मग थोडी लाज पण ठेव माझी."

कारागीर पुन्हा छताकडे बघू लागले. गोदामवाल्याने तिकडे फोन उचलला होता. "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. बाईंनी फोनवर हात ठेवला.

"खडीचे समोर मांडणीवर आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "दोघं लागली तर पंचवीस मिनिटं. बोला, ताई."

धाकटीने मांडणीकडे पाहिलं. काळे, जाड, बोट आत जाईल एवढ्या खाचांचे. या टायरांनी ती गाडी त्या चढावर कधीच, एकदाही घसरणार नव्हती.

तिने दरवाजाची कड धरली होती. सोडली.

"लावा."

*

कामाचा आवाज. हवा भरण्याचा, मशीनचा, हातोडीचा. बाबा आत, ती बाहेर, मध्ये पत्रा. एकदा त्यांनी आतून पत्र्यावर टकटक केलं.

"चिडलीस का गं?"

"नाही."

"वर कुणी राहिलं नाही की घर वर्षात बसतं. मी बघितलंय."

"घराचं कुणी काढलंय आत्ता?"

"कुणी नाही. मी आपलं म्हटलं."

वाडगा रिकामा होत गेला. शेवटचं चाक बसलं, गाडी हळूहळू जमिनीवर आली आणि नव्या रबरावर जराशी दबली. धाकटीने घाईने रॅम्प टाकला आणि पट्ट्या सोडू लागली.

"राहू दे," बाबा म्हणाले. "गेली."

"काय गेली?"

"घाई. होतं असं कधी कधी. घरी गेल्यावर बघू."

तिने सोडलेली पट्टी पुन्हा आवळली. नेहमीपेक्षा एक घर जास्त.

बाईंनी फॉर्म पुढे केला. तिसरी रेघ रिकामीच होती. त्यांनी ती स्वतःच्या अक्षरात भरून टाकली आणि वर वाचूनही दाखवली: घर ते दवाखाना.

"सही इथे. पाच वर्षं बघायला नको, ताई. या जातीचे टायर माणसाला दगा देत नाहीत."

धाकटीने सही केली. गाडी सुरू केली. पक्क्या रस्त्यावर नवे टायर मोठ्याने घुमत होते. बोलायचं तर ओरडावं लागलं असतं. दोघंही ओरडले नाहीत.

नोकरीचं पत्र त्याच आठवड्यात, सोमवारी आलं होतं, तेव्हा घरात फक्त बाबा होते; त्यांनी ते वाचलं, पाकीट नीट चिकटवलं आणि फाटकावरच्या पेटीत परत टाकलं होतं.